पहिलं रीडिंग

परवा कोपरखैरण्याच्या दवाखान्यात माझं बीपी जास्त आलं, तेव्हा नर्स म्हणाली, "पुन्हा बघू, पहिलं सोडून द्या." मला एकदम वीस वर्षांपूर्वीचं महापेचं आमचं वर्कशॉप आठवलं.

तिथे आम्ही विमानातले हवेचा दाब मोजणारे सेन्सर तपासायचो. एक सेन्सर पहिल्यांदा चुकला, मग दोनदा बरोबर आला. चुकलेलं रीडिंग मी लिहिलंच नाही. खोकं सील झाल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सावंत मॅडमना सहज बोलून गेलो.

"अरे, पायलटला उंची त्याच्यावरूनच कळते!" म्हणत त्या धावल्या आणि त्यांनी सील फोडलं.

"कोणाला विचारून फोडलं?" साहेब ओरडले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. स्पिरिटचा उग्र वास येणाऱ्या फडक्याने मी टेबल पुसत राहिलो. "मला शंका आली," एवढंच त्या म्हणाल्या.

फेरतपासणी साहेबांनी मलाच करायला लावली. सेन्सर गरम असताना बरोबर यायचा; थंड केल्यावर, पहिल्या रीडिंगसारखाच, पुन्हा चुकला. दोष पकडल्याची शाबासकी मला मिळाली, सील फोडल्याचा मेमो मॅडमना. त्या दिवशी मी सुटलो म्हणून खूश होतो. मॅडमनी पुढे कधीच विषय काढला नाही, आणि मीही काही न बोलता त्यांना रिटायर होऊ दिलं.