ताबा घेणाऱ्याची सही

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, एक बाई ठाण्यात आली आणि म्हणाली की सरकारने घरी पोहोचवलेली शेवंता त्या घरी नाही. भंडारा जिल्ह्यातले मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग महिलांचे एक शासकीय निवासी गृह बंद होऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. ती घटना मला आजही क्रमाने आठवते. माझ्या निवृत्तीला तेव्हा दहा महिने उरले होते आणि मी त्या ठाण्याचा ठाणेदार होतो.

या हकिकतीत मी कोणाचे नाव देत नाही. शेवंता हे नाव वापरतो, कारण ते गृहातल्या कर्मचाऱ्यांनी ठेवलेले होते. तिचे खरे नाव कोणालाही माहीत नव्हते.

तक्रार घेऊन आलेली बाई त्या गृहात चौदा वर्षे मदतनीस होती. आंघोळी घालणे, भरवणे, वेळेवर गोळ्या देणे हे तिचे काम. गृह बंद झाले तशी तिची नेमणूकही संपली. शेवंताची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली मागे राहिली होती आणि दुसऱ्या ताटलीत ती जेवत नसे, म्हणून ही बाई ताटली घेऊन शेवंताला पोहोचवले त्या लाखांदूर तालुक्यातल्या गावी गेली होती. गावात शेवंताला ओळखणारे कोणी भेटले नाही. पोलीस पाटलाच्या घराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, सगळे बांधीत, भाताच्या खाचरांत, गेले, रोवणा म्हणजे भाताची लावणी सुरू आहे.

माझ्या खोलीचे दार उघडे असे, त्यामुळे बाहेरचे बोलणे ऐकू येत होते.

“नातेवाईक आहेस का तू तिची?” ठाणे अंमलदाराने विचारले.

“नाई जी.”

“मंग मिसिंग कशी लिहू? सरकारनं तिले घरी पोहोचवून देल्लं, सही घेतली. आता पोहोचवलेली बाई हरवली म्हणून मी डायरीत लिहू? उद्या साहेब मलेच हरवून टाकतीन.”

“घर असतं तं थे सरकारच्या घरी कायले राह्यली असती जी सतरा वर्सं?”

बाईने पुढे सांगितले, “तिले फिट येते. सकाळी एक, रातच्याले एक, अशा गोळ्या आहेत. एक दिवस चुकली तं तिसऱ्या दिवशी थे पडते. मी पाह्यलं आहे. कोन देऊन राह्यलं तिले गोळ्या, एवढं तरी इचारा.”

मी बाहेर येऊन मिसिंगची नोंद घ्यायला सांगितले. वर्णन असे लिहिले गेले: वय अंदाजे पंचेचाळीस, सावळा रंग, केस कापलेले, उजव्या कोपराजवळ भाजल्याचा जुना व्रण, बोलत नाही, नाव घेतल्यास हसते.

दुपारी गृहाच्या अधीक्षकांना बोलावले. गृह बंद करण्याचा निर्णय वरून आला होता. इमारत धोकादायक ठरली होती, निम्मी पदे रिक्त होती, आणि अशा व्यक्तींनी संस्थेत न राहता कुटुंबात राहावे असे नवे धोरण होते. धोरणाबद्दल मत देणे माझे काम नव्हते. बंद करण्याच्या कामावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर एक देखरेख समिती नेमली होती. समितीने एक तक्ता आखून दिला होता: प्रवेशितेचे नाव, मूळ गाव, ताबा दिल्याचा दिनांक, ताबा घेणाऱ्याची सही. अधीक्षकांनी तो आणला होता. एकही रकाना रिकामा नव्हता.

खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवत नेतो, असा माझा अनुभव. अधीक्षक थोडक्यात उत्तरे देत होते.

“मूळ गाव कोणी तपासले?”

“समितीनं. एकेक नाव वाचून.”

“कशावरून?”

“आमच्या रजिस्टरवरून.”

“आणि रजिस्टरमध्ये गाव कुठून आले?”

“प्रवेशाच्या पत्रावरून.” त्यांनी फाईल उलटी करून माझ्यासमोर ठेवली. “हे तुमच्या खात्याचंच आहे, साहेब.”

पत्र सतरा वर्षांपूर्वीचे होते. बसथांब्यावर एक अनोळखी महिला मिळून आली, नाव-गाव सांगू शकत नाही, तरी तिला गृहात दाखल करून घ्यावे, असा मजकूर. खाली छापील नमुना जोडला होता. त्यात ‘राहणार’ या शब्दापुढे ज्या गावाच्या थांब्यावर ती मिळाली त्या गावाचे नाव लिहिलेले होते.

हे कसे होते ते वाचकांना सांगायला हवे. अनोळखी माणसाचा नमुना भरताना ‘राहणार’ रिकामे ठेवले की वरच्या कार्यालयातून कागद परत येत असे. मग जिथे मिळाला ते गाव लिहून टाकायचे. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, असे आम्हाला शिकवले गेले आणि आम्ही ते पुढे शिकवले. त्या पत्रावरचे अक्षर माझे नव्हते. माझ्या अक्षरातली अशी पत्रे दुसऱ्या फायलींमध्ये असतील.

“मदतनीस बाईला विचारले का, ही कुठली असेल म्हणून?” मी अधीक्षकांना विचारले.

“तक्त्यात तसा रकाना नव्हता.”

बुधवारी सकाळी मी एक हवालदार आणि मदतनीस बाई यांना घेऊन त्या गावी गेलो. आधी निरोप दिल्याने पोलीस पाटील घरी थांबले होते. साठीचा शेतकरी माणूस, घोट्यांवर चिखल तसाच. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवले आणि स्वतः उभे राहिले.

“तुम्ही त्या बाईला ओळखत होता का?”

“नाई जी.”

“मग ताबा घेतल्याची सही का केली?”

“गाडी आली. दोन साहेब होते, एक म्याडम होती. म्हनाले, पाटील, तुमच्या गावची बाई आहे, सांभाळा. कागदावर गावाचं नाव होतं, वर शिक्का होता. मी म्हनलं, असन एखाद्याची. आपल्याच गावचं मानूस आपन नाई कसं म्हनाव?”

“नंतर चौकशी केली?”

“घरोघर फिरलो जी. चारही टोल्यात, वस्ती-वस्तीत नेलं तिले. बुढ्या बायाइले दाखवलं. कोनी नाई म्हने. दोन राती आमच्या घरी झोपली. घरवालीनं जेवू घातलं.”

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, “ताटाले हात नोता लावत जी. मंग पानावर वाढलं, तवा जेवली.”

मदतनीस बाईने मान खाली घातली.

“आता कुठे आहे ती?”

“तिसऱ्या दिवशी रोवणा लागला. घरी मानूस नाई. तिले कोंडून कसं ठेवाव? म्हनून भंडाऱ्याच्या बसमदी बसवून देल्लं. कंडक्टरले सांगतलं, स्ट्यांडवर उतरवजो, तिथं पोलीस रायते, ते पाह्यतीन.”

“ठाण्याला का नाही कळवले?”

“सही माहीच होती ना जी. मीच कसा सांगू का मानूस माह्या गावचं नोहोय?”

मदतनीस बाईने विचारले, “गोळ्या कोठी आहेत?”

पाटलांना कळले नाही. मग ते आत गेले आणि गावचे सरकारी कागद ज्या लोखंडी कपाटात ठेवत, त्यातून एक जाड खाकी पाकीट घेऊन आले. पाकीट चिकटपट्टीने बंद होते, जोडावर गृहाचा गोल शिक्का होता, आणि वर लिहिले होते: नातेवाइकांसाठी.

“हे कागदाइसोबत देल्लं होतं. मी काही नातेवाईक नोहोय. म्हनून फोडलं नाई,” पाटील म्हणाले. “जसंच्या तसं आहे.”

दोन पंच बोलावून पाकीट उघडले. आत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, एक फोटो, पंधरा दिवसांच्या गोळ्यांची पाने आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. चिठ्ठीत लिहिले होते की गोळ्यांमध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नये. पानांमधली एकही गोळी काढलेली नव्हती. पंचनामा लिहून होईपर्यंत पाटील भिंतीला टेकून होते. त्यांनी एकदाच विचारले, “मले फोडाले पाह्यजे होतं का जी?” हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी पंचांच्या सह्या घेतल्या.

आगारातून, तिला बसवून दिले त्या रविवारच्या फेरीचा वाहक कोण होता ते संध्याकाळी कळले. गुरुवारी सकाळी त्याचा जबाब घेतला. त्याला शेवंता आठवत होती. वाटेतल्या कोंढा गावापुढच्या एका फाट्यावर रोवण्याला जाणाऱ्या बाया उतरल्या, त्यांच्यामागे तीही उतरली. “मी म्हटलं, मावशी, तुले भंडाऱ्याले जायचं आहे. थे हासली अन् चालाले लागली. मले वाटलं त्याइच्यातलीच आहे, पाटलाचाच काही घोळ झाला.”

मदतनीस बाईला याचे नवल वाटले नाही. ती म्हणाली, “थे आंगनातलं गवत उपटे अन् वल्या मातीत रांगेनं लावे. दर पावसाळ्यात. अधीक्षक साहेब म्हनत, हे तिची बिमारी आहे. मी म्हनो, हे रोवणा करनारी बाई आहे. पन माहं कोन आयकते.”

सतरा वर्षांत तिच्या मूळ गावाविषयी मिळालेली ही एकमेव माहिती होती, आणि ती कुठल्याही कागदावर नव्हती.

फाट्यापासून दीड किलोमीटरवर बाया रोवणा करताना सापडल्या. आम्ही बांधावर उभे राहिलो. टोळीची म्होरकी बाई हातातली पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, जुडी खाली ठेवून आमच्याकडे आली. पोलीस पाहून ती घाबरली नाही.

“आता आले का जी तुमी?” ती म्हणाली. “सोमवारीच लिहून नेलं ना सगळं.”

तिने सांगितले ते असे. अनोळखी बाई त्यांच्यामागे बांधीत उतरली. कोण, कुठली विचारले तर हसे. हात मात्र चालत होता. “आमच्यापरीस सरळ रांग लावे. नव्या पोरीइले मी म्हनो, पाहा, मुकी बाई रोवते अन् तुमी बोलता.” दुपारी तिला आपल्या डब्यातले देत, भाकरीवर भाजी घालून. रात्री ती म्होरकीच्याच ओसरीत झोपे. म्होरकीने तिचे डोके धुऊन तेल लावून दिले. पाचव्या दिवशी तिच्या हातातून परे गळाले, डोळे फिरले, थोड्या वेळाने ती सावरली. बायांना वाटले ऊन लागले. तिला कांदा हुंगवला, बांधावर सावलीत बसवले. नवव्या दिवशी, सोमवारी, सगळ्या जेवायला बांधावर गेल्या. ती उरलेली रांग पुरी करायला मागे राहिली. कोणीतरी हाक मारली तेव्हा ती पालथी पडलेली दिसली. पाणी घोट्याइतके होते.

“आमी उचललं जी. तोंडातला चिखल काढला. कोनाले बोलवाव? नाव तं माहीत नोतं.”

त्या हद्दीतल्या ठाण्याने सोमवारी दुपारीच अनोळखी महिलेचा अकस्मात मृत्यू दाखल केला होता आणि मृतदेह भंडाऱ्याच्या रुग्णालयात ठेवला होता. ओळख पटवण्यासाठीचा संदेश जिल्ह्यातल्या सर्व ठाण्यांना त्याच संध्याकाळी गेला होता. त्यात ‘शेतमजूर महिला’ असे लिहिले होते. मंगळवारी सकाळी मदतनीस बाई अंमलदाराशी बोलत होती तेव्हा तो संदेश त्याच टेबलावरच्या फाईलमध्ये लावलेला होता. आम्ही गृहातून निघालेली बाई शोधत होतो. शेतमजूर बाईशी तिचा संबंध कोणी जोडला नाही, मीही नाही.

गुरुवारी दुपारी मदतनीस बाईने शवागारात ओळख पटवली. कोपराजवळचा व्रण तिनेच आधी दाखवला. केस तिने कापले तेव्हापासून थोडे वाढले होते आणि त्यांना तेल होते. ती बराच वेळ केसांकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर ओळखीच्या कागदावर सही केली आणि म्हणाली, “साहेब, बाकीच्याइचं पाह्यलं का तुमी?”

तोपर्यंत मी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी गृहाचे रजिस्टर पुन्हा मागवले आणि पोलिसांच्या पत्रावरून दाखल झालेल्या महिलांची नावे वेगळी काढली. शेवंता सोडून सात निघाली. सातही जणींपुढे मूळ गाव लिहिलेले होते, आणि सातही गावांच्या पोलीस पाटलांची किंवा सरपंचांची सही होती.

शवविच्छेदनात मृत्यूचे कारण बुडून असे आले. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत घातपात आढळला नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्याने गुन्हा केला त्याला शोधणे मी शिकलो होतो. इथे ज्यांचे जबाब घेतले त्यांतल्या कोणीही माझ्याशी खोटे बोलले नाही. पाटलाने तिला दोन दिवस जेवू घातले, वाहकाने तिला हटकले, बायांनी तिला निजायला जागा दिली, समितीने प्रत्येक रकाना तपासला. आमच्या खात्याने त्यातला गावाचा रकाना सतरा वर्षांपूर्वी भरला होता. त्याबद्दल कोणावर कारवाई करावी, असे प्रकरण मला तयार करता आले नाही. नमुन्यातल्या ‘राहणार’पुढे ‘माहीत नाही’ लिहावे, कागद परत आला तरी पुन्हा तसाच पाठवावा, एवढी सूचना मी माझ्या ठाण्यात लेखी दिली. इतर ठाण्यांना ती लागू नव्हती.

अंत्यसंस्कार शुक्रवारी सकाळी भंडाऱ्याला झाले. मदतनीस बाई, टोळीतल्या चार बाया आणि पोलीस पाटील हजर होते.

सात महिलांची खात्री करावी असे पत्र मी देखरेख समितीला दिले. उत्तर पंधरा दिवसांनी आले. गृह बंद झाल्याने समितीचा कार्यकाळ संपला असून सर्व प्रवेशितांचे पुनर्वसन पूर्ण झाल्याचा अहवाल सादर करण्यात आला आहे, असे त्यात नमूद होते. मग मी माझ्या दोन हवालदारांना सात गावांना पाठवले. तीन महिला गावातच मिळाल्या, एक देवळाच्या पडवीत, दोन पाटलांच्या घरी. उरलेल्या चार गावांत सांगण्यात आले की बाईला बसमध्ये बसवून दिले.