चष्म्यातली भाकरी

आईचं अंग लकव्यानं गेलं ते डाव्या बाजूनं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, उजवा हात शाबूत राहिला हे नशीब. असं म्हणून चहा पिऊन जायचा. उजवा हात शाबूत असला की माणूस आपल्या हातानं जेवतो, हे खरंच. जेवल्यानंतरचं काय, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. ते माझ्या वाट्याला होतं.

आईला मी धुवायचे. मी वाकले की ती तोंड भिंतीकडे करायची. तिनं सारा जन्म शाळेत पोरांची खिचडी शिजवली, स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ताटात वाढली. कुणाकडून साधा पदर सारखा करून घेणं तिला माहीत नव्हतं. तिनं पाणी पिणंच कमी केलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात एक पेला दिवसभर पुरवायची, भाकरी अर्धी मोडून बाजूला सारायची, का तर सारखं जावं लागू नये. मला ते दिसायचं आणि राग यायचा. कुणावर यायचा, ते मात्र सांगता आलं नसतं.

मी मोहोळच्या शाळेत शिकवते. रजा संपत आली होती, बिनपगारी वाढवून घेतली होती तीही सरत आली होती. घरात आम्ही दोघीच. मी सकाळी एसटीत बसले की संध्याकाळपर्यंत आईचं कसं व्हायचं? बाई ठेवू म्हटलं तर म्हणाली, "परक्या बाईनं धुण्यापरीस मेलेलं बरं." काठी टेकत संडासापर्यंत ती जायची, पण जेवायच्या उजव्या हातानं धुणं तिला चालायचं नाही. म्हणजे सगळं त्या एका डाव्या हातावर येऊन अडलं होतं. तो हलला तर मी कामावर, नाही तर दोघी घरात.

एका उपचार केंद्रात चष्म्याचा नवा उपचार सुरू झाला होता. तिथं न्यायला आईला रोज रिक्षात चढवायचं, उतरवायचं, भर उन्हात. माझी कंबर धरायची. तो जाड चष्मा घातला की समोरचं खरं टेबल जसंच्या तसं दिसतं, पण त्यावर नसलेल्या वस्तू मांडलेल्या दिसतात. आपला खरा हात पुढे करून त्या धरायच्या आणि दुसरीकडे ठेवायच्या. हात कुठवर गेला, बोटं किती मिटली, ते यंत्र टिपतं. हाताला वजन पेलायचं नसतं, नुसतं जायचं असतं, त्यातून मेंदू पुन्हा वाट शिकतो, असं तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं समजावलं. मला पटलं. न पटून करते काय?

मुलगी मोठी हौशी होती. चष्म्यात आधी सफरचंदं आणि कॉफीचे कप होते म्हणे. आपल्या माणसांना ओळखीचं वाटावं म्हणून तिनं खटपट करून भाकरी घालून घेतली होती. टेबलापलीकडे ताट घेऊन बसलेली चित्रातली पोरंसुद्धा. ती आईचा उजवा हात मांडीवर हलकेच बांधायची आणि म्हणायची, "मावशी, डाव्या हातानं भाकरी उचला आणि पोराला वाढा."

आईचा हात जागचा हलत नव्हता. आम्ही रोज जायचो, ती चष्मा लावून बसायची, आणि शेजारच्या पडद्यावरची हाताच्या हालचालीची रेघ आडवी ती आडवीच. शेवटी त्या मुलीनं मला बाजूला घेतलं. डाव्या बाजूकडे मावशींचं लक्षच जात नसावं, म्हणाली, मेंदूत तसं होतं कधी कधी. असंच राहिलं तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, हेही चाचरत सांगितलं. मी मान डोलावली. भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला कॉटवर बसवून वळले, तेवढ्यात तिचा पदर खांद्यावरून घसरला. डावा हात कापत कापत वर आला, दोन बोटांत काठ धरला आणि पदर जागेवर नेला. हात हलत होता, मग केंद्रातच का नाही? माझं डोकं फिरलं.

केंद्रात तिला चष्मा चढवल्या चढवल्या मी विचारलं, "आई, तुला समोर भाकरी दिसतीय का?"

"दिसती की."

"मग उचलत का नाहीस?"

तिची जीभ अजून जड होती. जुळवाजुळव करून म्हणाली, "डाव्या हातानं लेकरांच्या ताटात वाढू व्हय?"

"अगं, खोटी भाकरी आहे ती."

"लेकरं बघत्यात की."

"आणि एवढे दिवस सांगितलं का नाहीस?"

"डाक्टरीणबाईनं लई हौसेनं मांडलंय. न्हाय कसं म्हनू?"

ती मुलगी हसली नाही. स्टूल ओढून आईजवळ बसली आणि विचारलं, "मग डाव्या हातानं काय काय करता, मावशी?" आईनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणून मीच सांगितलं. संडासातलं टमरेल. त्याला तिनं उजवा हात कधी लावला नाही.

त्या संध्याकाळी मी आमच्या लाल प्लास्टिकच्या टमरेलाचे चारी बाजूंनी फोटो काढले. शेजारीण डोकावली असती तर ही कामातून गेली असंच म्हणाली असती. त्या मुलीनं ते चष्म्यात घातलं. ते टेबलावर दिसताच आई म्हणाली, "आदी ती भाकरी काडा तितनं." भाकरी काढली, पोरंही काढली. मग आईचा डावा हात मांडीवरून उठला आणि टेबलाच्या कडेपर्यंत गेला. मुलगी टाळ्या वाजवत होती. मला रडू आलं. खरं सांगायचं तर आनंदापेक्षा थकव्यानंच.

त्यानंतर काही सगळं भराभर झालं नाही. मिटलेली बोटं उघडायची नाहीत, उघडली तर मिटायची नाहीत. चष्म्यातलं पाणी नीट ओतता यायला लागलं, तेव्हा खरं टमरेल दिलं, आधी रिकामं, मग घोटभर पाण्याचं. ते कितीदा माझ्या पायावर सांडलं.

मी शाळेत पुन्हा रुजू व्हायच्या आदल्या दुपारी आई काठी घेऊन उठली. सवयीनं मीही उठले. "बस तू," ती म्हणाली, आणि आतून कडी लावली. कडी लावायची नाही, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. मी दाराला हात टेकून उभी राहिले. आत टमरेल पडल्याचा आवाज आला. हाक अगदी ओठांवर आली होती, ती मी गिळली. थोड्या वेळानं पाणी ओतल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा साडी एका बाजूनं चिंब होती. कॉटवर बसली, दम खाल्ला आणि मला म्हणाली, "पानी दे. तांब्या भरूनच दे."