बोअरमध्ये काय भरायचं

घरामागच्या अंगणात बोअर मारायचं ठरलं, तेव्हा माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. श्टुटगार्टजवळच्या डोंगरउतारावर आमचं गाव आहे. घर जुनं, आणि तळघरातली तेलावर चालणारी हाइत्सुंग, म्हणजे घर तापवणारी यंत्रणा, त्याहून जुनी वाटावी अशी. ती काढून जमिनीतली ऊब वापरणारा हीट पंप बसवायचा होता.

"बोअर?" बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "चोवीस तास नळाला पाणी आहे की तुमच्या."

"पाण्यासाठी नाही बाबा. खाली शंभर मीटरवर बारा महिने दहा-अकरा अंश तापमान असतं. प्लास्टिकची नळी खाली सोडायची, ती तळाशी वळून परत वर येते. आत एक द्रव फिरत राहतो. तो खालची ऊब घेऊन वर येतो, पंप ती काढून घेतो आणि गार झालेला द्रव परत खाली पाठवतो."

"किती गार?"

"कधीकधी शून्याच्याही खाली. म्हणून त्यात अँटिफ्रीझ घालतात."

बाबा उठून उभेच राहिले. "अगं, म्हणजे ब्राइन!"

कोकणातल्या एका बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. तिथे मिठाचं पाणी शून्याखाली गार करून मोठ्या टाकीत फिरवायचे आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवायचे. डब्यांत लाद्या जमायच्या, मिठाचं पाणी मात्र वाहतं राहायचं. मासेमारीच्या होड्या त्याच लाद्या घेऊन समुद्रात जायच्या. हे मला ऐकून माहीत होतं, पण आपल्या तळघराशी त्याचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं.

"जर्मनमध्येही त्याला तेच म्हणतात," मी सांगितलं. "झोलं. म्हणजे खारं पाणी. आता मीठ नसतं, पण नाव राहिलंय."

"झोल?" बाबा खदखदून हसले. "मग नीट बघूनच घ्यायला हवं!"

बघायचं तर होतंच. आमच्या उताराच्या पायथ्याशी झरा आहे आणि गावाचं पिण्याचं पाणी तिथून येतं. लांडराट्सआम्टची, म्हणजे जिल्हा कचेरीची परवानगी त्यामुळे सहज मिळणारी नव्हती. त्यांच्या फॉर्मवर एक चौकोन होता: नळीत कोणता द्रव भरणार? सोबत चालणाऱ्या द्रवांची छोटी यादी, आणि निवड आमची. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. यादी दिसली की मला प्रत्येक गोष्ट तपासल्याशिवाय राहवत नाही. त्या आठवड्यात मी जेवताना, बसमध्ये, दात घासतानासुद्धा त्या चौकोनाचाच विचार करत होते.

बोअर मारणारी बाई पन्नाशीची होती. रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी. पहिल्या भेटीतच ती म्हणाली, "बहुतेक लोक एथिलीन ग्लायकॉल लिहितात. चांगलं चालतं."

"विषारी असतं ना ते?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. प्यायचं नाही."

माझा चेहरा बघून तिने गाडीतून तीन छोट्या बाटल्या आणून दिल्या. एकीत एथिलीन ग्लायकॉल, दुसरीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, तिसरीत पाणी मिसळलेलं अल्कोहोल. "आल्झो, तर मग स्वतःच बघा," ती म्हणाली. एखाद्या मुलीला नवीन रंगपेटी मिळावी तसं मला झालं.

संध्याकाळी प्लास्टिकचे चार डबे ओट्यावर मांडले. विषारी द्रवाच्या डब्यावर लाल चिकटपट्टी लावली. चौथ्या डब्यात साधं नळाचं पाणी, तुलनेसाठी. बारा वर्षांची लेक वाकून वास घेत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं.

"आजोबा, इस्ट दास श्नाप्स?"

"काय म्हणते?"

"दारू आहे का विचारतेय."

"आहे, पण जमिनीसाठी," बाबा गंभीरपणे म्हणाले.

फ्रीझरमधले मटार आणि पोळ्या शेजारणीकडे ठेवायला दिल्या आणि त्यांच्या जागी डबे ठेवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर बाबा स्वयंपाकघरात माझी वाट बघत उभे. फ्रीझरचं दार त्यांनी माझ्याशिवाय उघडलं नव्हतं. आम्ही डबे बाहेर काढले. पाण्याची लादी झाली होती आणि डब्याचं झाकण वर उचललं गेलं होतं. एथिलीनचा डबा कलंडवला तर द्रव सुटसुटीत वाहिला. अल्कोहोल त्याहून सहज हललं. पण प्रॉपिलीन, जे मी मनात जवळजवळ निवडून टाकलं होतं, कारण ते अन्नपदार्थांतही वापरतात, ते काकवीसारखं हळूहळू सरकलं.

"पंपाला घाम फुटेल हे ढकलताना," बाबा म्हणाले.

"मग अल्कोहोल?"

"पेट घेतं. भरताना, साठवताना जपावं लागेल." त्यांनी लाल पट्टीचा डबा उचलून उजेडात धरला. "आणि हे गळलं तर?"

"गळणार नाही बाबा. नळीला पन्नास वर्षं काही होत नाही म्हणतात."

ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

एका हंगामात टाकीतलं मिठाचं पाणी कमी होऊ लागलं. रोज थोडं थोडं. होड्या बर्फासाठी रांगेत होत्या, कारखाना थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. बाबांनी वरून पाणी आणि मीठ घालत हंगाम काढला. तळाचा पत्रा गंजलाय अशी शंका त्यांना होती. "होती म्हणजे काय, खात्रीच होती," ते म्हणाले. पावसाळ्याआधी कारखान्यामागे राहणारी एक बाई कळशी घेऊन दारात आली. भांडली नाही. पेल्यात पाणी ओतून पुढे केलं आणि म्हणाली, "भाऊ, चहा खारट होतोय." पाच घरांची विहीर होती ती. टाकी रिकामी केली, पत्रा बदलला, पण तीन पावसाळे गेले तरी विहिरीचं पाणी सुधारलं नाही.

"मग?"

"मग काय. कामावर जायच्या आधी कारखान्याच्या नळावरून दोन कळश्या भरून तिच्याकडे नेऊन ठेवायचो. बाकीच्या चार घरांचं मात्र काही करू शकलो नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "गळणार नाही असं धरून चालू नकोस. गळेल असं धर, आणि मग काय भरायचं ते ठरव."

मी ओट्यावरच्या चार डब्यांकडे बघत राहिले. एकच डबा असा होता, जो झऱ्यात ओतला तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यात बर्फ होता.

सकाळी आठ वाजता मी बोअरवाल्या बाईला फोन केला. "नुसतं पाणी भरलं तर?"

"पाणी गोठतं," ती म्हणाली.

"शून्यापर्यंत जाऊच दिलं नाही तर?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हो. होतं तसं. एकाऐवजी दोन बोअर लागतील. ऊब दोन्हींतून थोडी थोडी घेतली की कुठलंच फार गार होत नाही. पंपही साध्या पाण्यावर चालणारा निवडावा लागेल, फार गार झालं की स्वतःहून बंद पडणारा. मी हिशेब करून सांगते." तिच्या आवाजात प्रथमच घाई जाणवली. दुपारी दोनला तिचा ईमेल आला: जमेल.

दुसऱ्या बोअरची जागा नेमकी तिथे येत होती, जिथे माझ्या नवऱ्याला सायकलींसाठी शेड बांधायची होती. तो त्सुफेनहाउझेनहून काम आटपून दमून आला आणि पाहतो तर बाबा आणि मी अंगणात दोरी धरून अंतर मोजतोय. त्याने बूट काढले, पुन्हा घातले आणि दोरीचं एक टोक मागितलं. "सायकली तळघरात ठेवू," एवढंच म्हणाला. फॉर्मवरच्या चौकोनात मी लिहिलं: पाणी. परवानगीचं पत्र आलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस अंगणात यंत्र धडधडत होतं. राखाडी चिखल नुसता उसळत होता. बाबा खिडकीतून हलले नाहीत. नळ्या खाली गेल्या, भोवती सिमेंट भरलं गेलं, आणि दोन आठवड्यांनी पाणी भरायचा दिवस उजाडला. बाईने नळ्या धुऊन काढल्या, दाब तपासला. काटा तासभर जागचा हलला नाही. तिने समाधानाने अवजारं आवरायला घेतली.

"थांब म्हणावं तिला," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक नळीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "हवा आहे अजून. खुळखुळतंय."

मी भाषांतर करायच्या आत बाईने त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतः ऐकलं. मग माझ्याकडे न बघता थेट त्यांना म्हणाली, "गेनाऊ!" पंप पुन्हा सुरू झाला. काचेच्या छोट्या खिडकीतून बुडबुडे धावत गेले, मग विरळ झाले, मग एकही नाही. दोघांनी आळीपाळीने कान लावला. ती जर्मनमध्ये बोलत होती, बाबा मराठीत, आणि मला मध्ये पडायची गरजच उरली नाही.

नोव्हेंबरात गवतावर पहिले हिमकण पडले, त्या सकाळी माझ्या आधी बाबा तळघरात पोचले होते. लेक जिन्यावर पायजम्यातच उभी. बाहेर उणे चार, आणि जमिनीतून वर येणारं पाणी नऊ अंश. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि सरळ बाबांना मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. तेही बावरले, पण हसत होते.

तेवढ्यात बोअरवाल्या बाईचा फोन आला, किती आहे विचारायला. बाबांनी फोनसाठी माझ्याकडे हात पुढे केला. लेक त्यांच्या कानात नऊचा जर्मन शब्द कुजबुजली. त्यांनी घसा खाकरला, फोन तोंडाजवळ धरला आणि पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नॉयन!"