कंपाउंडरचा शब्द

डॉक्टर गेले आणि त्यांच्यामागे कंपाउंडरही गेल्यातच जमा झाला. डॉक्टरांच्या मुलाने जुना दवाखाना पाडून काचेची इमारत उठवली, औषधांच्या काउंटरवर पदवीवाली मुलं बसवली आणि कंपाउंडरला सांगितलं, "काका, आता तुम्ही आराम करा." आराम करा म्हणणाऱ्याला तो कशाच्या जोरावर करायचा, हे सांगावं लागत नाही.

कंपाउंडरकडे इस्टेट म्हणावी अशी एकच गोष्ट होती. लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. त्याने जन्मभर त्या लहानशा खिडकीआड उभं राहून पुड्या बांधल्या होत्या, बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवून डोस आखले होते आणि प्रत्येकाला एकाच ठरावीक चालीत सांगितलं होतं, "सकाळी एक, रात्री एक." डॉक्टर काय म्हणाले ते लोक दारापर्यंत येता येता विसरत. कंपाउंडरचं मात्र विसरत नसत. मोठ्या दवाखान्यातून आलेली माणसंही गोळ्यांची पाकिटं घेऊन त्याच्या घरी यायची आणि विचारायची, ह्यातली कुठली कधी? तो चष्मा पुसून सांगायचा. त्याचे पैसे कोणी देत नव्हतं आणि मागायला त्याची जीभ रेटत नव्हती.

ही इस्टेट पहिल्यांदा हेरली ती टायवाल्याने. हा बायकोच्या नात्यातला लांबचा भाचा. भर उन्हातसुद्धा गळ्यातला टाय सोडायचा नाही, म्हणून घरात त्याचं नाव ते पडलेलं. तो एका कंपनीची ताकदीची पावडर विकायचा. विकायचा कसला, विकणारी माणसं जमवायचा.

"मामा, तुम्हाला सगळं गाव ओळखतं. तुम्ही पाच जण जोडा, ते प्रत्येकी पाच जोडतील. मग बसल्या जागी पैसा."

कंपाउंडरने हिशेब केला. "अरे, अशाने वर्षाच्या आत गावातली माणसं संपतील. मग काय म्हशींना जोडायचं?"

"निगेटिव्ह बोलायचं नाही, मामा," टायवाला म्हणाला.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. कंपाउंडरला होती, पण ती त्याला परवडत नव्हती. बायकोचं कानातलं मोडलं आणि पहिले डबे घरात आले.

मग हॉलमधल्या मीटिंगा सुरू झाल्या. तिथे टाळ्या वाजवायच्या, उभं राहून स्वप्नं सांगायची. एक गृहस्थ आपली नवी गाडी आठवून स्टेजवर रडले. तिथे बोलायचंही शिकवत. औषध म्हणायचं नाही, प्रॉडक्ट म्हणायचं. आजार बरा होतो म्हणायचं नाही, रिझल्ट येतो म्हणायचं. कोणाला चालू गोळ्या बंद करायला तर चुकूनही सांगायचं नाही. कंपाउंडरला बरं वाटलं. माणसं कायद्याला धरून आहेत, असं त्याने बायकोला सांगितलं. त्या भल्या माणसाला कळलं नाही, की कायदा सांभाळला की बाकी कशाला जपायची गरज उरत नाही.

त्याने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. पण जन्माची सवय कुठे जाते? डबा हातात ठेवताना त्याच्या तोंडून तीच जुनी चाल निघायची, "सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. चुकवायचं नाही." खिडकीआडचा तो आवाज ज्यांनी लहानपणापासून ऐकला होता, त्यांनी काय समजायचं ते समजलं. प्रॉडक्ट आणि औषध हा फरक हॉलमधला. गावात तो कोणाला माहीत होता?

पहिल्यांदा सगळ्यांनी एकेक डबा घेतला. दुसऱ्यांदा निम्म्यांनी घेतला. पुढे कंपाउंडर रस्त्याने येताना दिसला की लोकांना पलीकडच्या बाजूला कामं निघू लागली. मुलं दार उघडून सांगत, बाबा घरी नाहीत. आणि आतून बाबांचा खोकला ऐकू येई. गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी येणारेही थांबले. विचारायला जावं आणि डबा गळ्यात पडावा, कोणी सांगितलंय? इतक्या वर्षांत कमावलेली इस्टेट अशी बघता बघता फुंकली गेली, आणि ते त्याला दिसत होतं. त्याला रात्ररात्र झोप लागत नव्हती.

तरी तो कंपनीच्या पदांत 'सिल्व्हर' झाला. कसा, ते पलंगाखाली वाकून पाहिलं की कळत होतं. विकले न गेलेले डबे बायकोच्या नावावर, जावयाच्या नावावर स्वतःच विकत घेतले होते. स्टेजवर त्याला बिल्ला लावला, फोटो काढला, आणि टायवाल्याने फोटोखाली लिहून दिलं, 'माझं आयुष्य बदललं.' कंपाउंडरने तो फोटो ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं ठरवून बोललेलं खोटं.

एकटा सायकलवाला मात्र टिकून राहिला. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त, कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करायचा. साखरेचा आजार जुना, गोळ्या कायमच्या. दर महिन्याला न विचारता डबा ठेवून घ्यायचा आणि तेलकट हाताने पैसे काढून द्यायचा. "तुझं ते वरचं पद खाली यायला नको," म्हणायचा. भीड भिकेची बहीण, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. सांगू शकणारा माणूस डबे विकत होता.

एके दिवशी तुटलेली तार चपलेतून सायकलवाल्याच्या पायात घुसली. जखम चिघळली, साखर आभाळाला भिडलेली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

कंपाउंडर भेटायला गेला तेव्हा सायकलवाला खाटेवर टेकून बसला होता. "ये. एक चप्पल शिल्लक राहिली, तुला होते का बघ," तो म्हणाला.

कंपाउंडरला हसता आलं नाही. "गोळ्या घेत होतास ना?"

सायकलवाला खिडकीकडे बघत म्हणाला, "दोन्ही परवडेना रे. मग म्हटलं, तू दिलेलं घ्यावं."

"गोळ्या बंद कर असं मी म्हणालो होतो का?"

"नाही. सकाळी एक, रात्री एक म्हणालास. तू नेहमी सांगतोस तसंच."

त्याच्या आवाजात राग असता तर कंपाउंडर पायावर डोकं ठेवून मोकळा झाला असता. राग नव्हताच. कंपाउंडर उठून बाहेर आला. बाहेरच्या बाकावर सायकलवाल्याची बायको बसली होती. तिने सरकून जागा दिली.

"भाऊजी, एक विचारू? दुकान आता उघडायचं नाही. ह्यांना उभं राहवणार नाही. तुमचं ते काम बसून होतं ना? मला शिकवा. माझ्या माहेरची बरीच माणसं आहेत, त्यांना जोडते."

कंपाउंडर घाईने म्हणाला, "वहिनी, त्यात पडू नका."

"का?"

"त्यात काही मिळत नाही. मला एक पैसा मिळालेला नाही. होतं तेही गेलं. हिच्या कानातलं गेलं, माणसं गेली. खरं सांगतोय."

तिने फोन काढून बिल्ला लावलेला त्याचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"हे मग काय आहे?"

"ते खोटं आहे, वहिनी."

तिने फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला. "इतके दिवस डबे घेताना आम्ही चाललो," ती हळू आवाजात म्हणाली. "आता आमच्या पोटाची वेळ आली, तर ते खोटं झालं होय? राहू द्या, भाऊजी. तुमच्या त्या भाच्याचा नंबर आहे माझ्याकडे."

ती उठून आत गेली. दाराच्या फटीतून, नवऱ्याला उशी लावता लावता ती फोनवर बोलताना त्याला ऐकू येत होती. पलीकडून टायवाला काय सांगत होता कोण जाणे. ती प्रत्येक वाक्याला हो, हो म्हणत होती.