जिन्यातलं वेटोळं

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना सगळे कॉलरबाई म्हणतात. शर्टाला कॉलर बसवावी तर त्यांनीच, आणि ती कशी बसवायची हे त्या घरबसल्या व्हिडिओवरून शिकवतात. शिलाई मशीनच्या वर मोबाइल टांगलेला, पलीकडे गावोगावच्या मुली.

त्यांचा अभ्यासक्रम मात्र इंटरनेट कंपनीच्या हातात. महिन्याचा डेटा ठरलेला, तो संपला की चित्र जागच्या जागी अडकतं. म्हणून कॉलर, बाही, खिसा असली कठीण कामं महिन्याच्या सुरुवातीला उरकायची आणि महिनाअखेर नुसती काजं-बटणं. ती काय, तोंडी सांगूनही जमतात.

एकदा मुली वैतागल्या. "बाई, किती दिवस बटणंच लावायची? दुसऱ्या एका क्लासात चित्र अडकत नाही म्हणे."

निम्मा वर्ग गळायची चिन्हं, आणि घर तर वर्गावरच चालायचं. कॉलरबाई गळ्यातली टेपही न काढता माझ्याकडे आल्या.

"वहिनी, नवी कंपनी आलीय. मर्यादाच नाही. पण इमारतीतली पाच घरं तयार असली तरच वायर ओढणार."

आम्ही दोघींनी दारं वाजवली, पाच घरं जमवली. नव्या कंपनीचा माणूस वायरचं भलंमोठं वेटोळं आणून जिन्यातल्या खुंटीला अडकवून गेला. जुन्या कंपनीच्या कानावर हे गेलं मात्र, लगेच सगळ्यांचा डेटा दुप्पट! झालं, तीन घरं फिरली.

"आम्हाला बातम्यांपुरतं रग्गड झालं हो," तळमजल्यावरचे काका म्हणाले.

कॉलरबाईंना दुप्पटही पुरेना. राहिलो आम्ही दोघी.

नव्या कंपनीचा माणूस वेटोळं न्यायला आला.

"बाई, दोन घरांसाठी नाही परवडत."

"कळतं रे. चहा तर घे. आणि हे असू दे इथे थोडे दिवस."

"कशाला?"

"खुंटी रिकामी बरी नाही दिसत."

तो हसला. चहा पिऊन रिकाम्या हातांनी गेला.

पुढे जुन्या कंपनीचा माणूस कुणाची तरी तक्रार सोडवायला आला, तो वेटोळ्यापाशी थबकलाच.

"काकू, हे अजून इथेच? घेताय की काय?"

"माझ्या वर्गाला मर्यादा नसलेलंच लागतं बाबा," कॉलरबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे नसेल तर बघावंच लागेल ना कुठेतरी."

"मलाही बघायचंय हं," मी माझ्या दारातून आवाज दिला.

त्याने तिथेच पायरीवर बसून साहेबांना फोन लावला. आठवडा उलटायच्या आत आम्हा दोघींच्या घरची मर्यादा उठली.

महिनाअखेरीला त्यांचं दार उघडंच होतं. मोबाइलमधून एक कंटाळलेला आवाज आला, "बाई, काजंच ना आज?"

"सुई ठेव खाली," कॉलरबाई म्हणाल्या. "कॉलर घे. टोक माझ्यासारखं धर. दिसतंय?"

"दिसतंय बाई! स्वच्छ दिसतंय!"

परवा जिना झाडताना वेटोळ्यावरची धूळ झटकली. म्हटलं, "आता त्या नव्या कंपनीवाल्याला बोलावून परत देऊया का हे?"

"राहू द्या हो वहिनी," आतून आवाज आला, "पुढचा महिना यायचाय अजून."