देवाचं तेल

गोरक्षनाथ आठरे जन्मात एकदाच विचार करून वागला, आणि तो विचारही चुकला. कालव्याखालची आपल्या वाटणीची जमीन त्यानं धाकट्या भावाला, सहादेवला, देऊन टाकली आणि बदल्यात एक म्हातारी पिकअप घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली अमेरिकन लष्करी गाडी. हिरवा रंग खरवडला की खाली आणखी दोन रंग निघायचे. ऊस लावायचा, पाण्याची दारं धरायची, ही हलकी कामं. गाडीत बसून भोंगा वाजवायचा, हे भारी. असा त्याचा हिशेब. सहादेव त्याच्या तोंडावर हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

बायको रंगुबाई मात्र तेव्हापासून नवऱ्याशी भिंतीकडे बघून बोलायची. गाडी बसली, तर आपल्याच जमिनीत जावेच्या हाताखाली खुरपं धरायची पाळी, हे तिला ढळढळीत दिसत होतं. गोरक्षनाथला दिसायचा तो गाडीचा आरसा, आणि आरशात मिशी.

दर शनिवारी तो शिंगणापूरला माणसं न्यायचा. बहात्तर सालचा दुष्काळ होता, त्यामुळे देवाकडे गर्दी. प्रत्येकाजवळ शनीला घालायच्या तेलाचा डबा. डबे हिंदकळत, तेल फळ्यांच्या फटीतून खाली गळे, आणि गाडी उभी राहील तिथं धुळीत डाग पडे.

"देवाचं तेल हाय," गोरक्षनाथ छाती काढून सांगायचा. "सांडलं तरी पुन्यच."

आणि शहाणीसुरती माणसं वाकून त्या डागाला बोट लावत, ते बोट कपाळाला लावत!

गाडीतली गोणपाटं धुवायची रंगुबाईनं. तिनं एकदा सांगून पाहिलं.

"अवो, मागच्या चाकांच्या मधी जे पडतं ना, त्याचा वास निराळा हाय. गोडंतेल असं घान मारत न्हाई. कुजक्या अंड्यावानी येतो."

"तुझं नाकच वाकडं," तो म्हणाला. विषय संपला.

दिवाळीनंतर गाडी मागून रडायला लागली. बारीक, लांबलचक, दूध तुटलेल्या रेडकासारखी. गोरक्षनाथनं आधी ठरवलं, वारा आहे. मग ठरवलं, कमानींचे पाटे कुरकुरतात. मग एका जाड बाईला पुढं बसवून पाहिलं. सगळं करून दमल्यावर त्याला खरं कारण सापडलं: साडेसाती. तो चार माणसांदेखत नवस बोलला, "आवाज थांबू दे, वरीसभर तंबाकूला हात लावनार न्हाई." असल्या डोक्यापुढं शनिमहाराजांनी तरी काय करावं?

रंगुबाई नवस बोलली नाही. ती एस.टी.नं श्रीरामपूरला गेली आणि कृपादान मिस्त्रीला सांगून आली. पुढच्या शनिवारी कृपादान पिशवी घेऊन गाडीत चढला; रंगुबाई आधीच मागं बसली होती. गोरक्षनाथला वाटलं, एक गिऱ्हाईक वाढलं.

राहुरी सोडली आणि कृपादान फळीला कान लावून पालथा पडला.

"शेठ, पाय सोडा बरं! आता दाबा! परत सोडा!"

पाय दाबला की गाडी रडायची, सोडला की आवाज उतरायचा. डांबरावर जो सूर, तोच मुरमाच्या रस्त्यावर. म्हणजे टायर नव्हेत. सोनईत गाडी जागेवर उभी करून इंजिन ताणलं, तर मागं चिडीचूप.

"इंजिनाचा दोष न्हाई," कृपादान म्हणाला. "मागच्या चाकांमधल्या गोळ्यात हाय. डिफरन्शियल. बूच काढून तेल बगू."

"खबरदार!" गोरक्षनाथ ओरडला. "अमेरिकेनं बंद करून दिलेला गोळा हाय त्यो. आजवर कुनी उघडला न्हाई."

"तेच तर म्हनतो."

"तू इंजिनं बघ. ह्यो देवाचा मामला हाय."

डब्यांवर बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मूर्खाला साथ मिळायला शिंगणापूरच्या वाटेवर कधी वेळ लागत नाही.

पोचल्यावर पुरुष मंडळी अंघोळीला गेली. ओल्या पंचानं चौथऱ्यावर चढायचं, तेल घालायचं, असा तिथला रिवाज. बायका खाली. रंगुबाईनं नवऱ्याची ओली पाठ गर्दीत शिरेपर्यंत वाट पाहिली.

"भाऊ, काढा बूच."

"शेठ बोंबलतील, वहिनी."

"ते रोजच बोंबलत्यात. काढा."

कृपादान गाडीखाली सरकला. बूच निघालं, त्यानं आत बोट घातलं, तर तेल लागलंच नाही. नुसती काळी राड चिकटलेली. पुढं इंजिनाकडून येणारा दांडा गोळ्यात शिरतो तिथलं तेल अडवणारं सील फाटलेलं. गळत होतं ते तिथून, कित्येक महिने. पुण्याच्या नावाखाली.

बोट हुंगून रंगुबाई म्हणाली, "ह्योच वास."

"आतल्या गिअरचे दात अजून शाबूत हायेत. आनखी दोन खेपा झाल्या असत्या, तर गोळा फुटला असता."

त्यानं पिशवीतला गिअर ऑइलचा डबा आत रिकामा केला, बूच आवळलं, हात पुसले. सील सोमवारी बदलायचं, नवरा बाजारात असताना, असं दोघांनी तिथंच ठरवलं.

गोरक्षनाथ परतला तो कपाळावर तेल मिरवत. गाडी निघाली. सोनईपर्यंत त्यानं चारदा पाय दाबला, चारदा सोडला. रडणं गेलं होतं. राहिली होती ती हलकी गुणगुण.

"ऐकलं का? ऐकलं का रं?" तो मागं वळून ओरडला. रस्ता बघायचं भान त्याला तेव्हाही नव्हतं. "देवानं ऐकलं! आन् ह्यो मिस्त्री म्हनं गोळा उघडा!"

कृपादाननं तोंड उघडलं. रंगुबाईनं त्याच्या पायावर पाय ठेवला. सांगून उपयोग काय? ज्याला महिनोन् महिने गळणारं तेल दिसलं नाही, त्याला घातलेलं दिसणार होतं? गाडी चालत होती, खुरपं लांब राहिलं होतं, तिला तेवढंच हवं होतं.

पण फुकट सोडणारी ती नव्हती. राहुरीला चहाला थांबले. गोरक्षनाथनं चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली, चुन्याची डबी उघडली.

"अवो," रंगुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, आणि बऱ्याच दिवसांनी थेट त्याच्या तोंडाकडे बघून, "देवानं ऐकलं ना? मग तुमी काय बोलला हुता त्याला?"

ज्यांच्यासमोर नवस बोलला होता, त्यांतले तिघं तिथंच बशीनं चहा ओरपत होते. तिघांनी बशा खाली ठेवल्या.

गोरक्षनाथनं तळहात उलटा केला. त्यानंतर वर्षभर गाडी गप होती. रडत होता तो.