गाडीतली सोनोग्राफी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरी नाही, चळवळीत तर मुळीच नाही. सभेत मी दुसऱ्यांना पुष्कळ सुनावते. आज मात्र स्वतःबद्दल बोलायचंय.

‘सोनोग्राफी’ म्हटलं की आपल्याकडं माणसं आवाज खाली आणतात. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. पोटातल्या पोरींसाठी मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिली, चिकलठाण्याच्या नव्या वसाहतींत दारोदार वाटली. त्यातल्या एका ओळीचीही मला लाज वाटत नाही. सोबत कांताबाई असायच्या, कंपनीत पॅकिंगचं काम करणाऱ्या. कुणी पत्रक घ्यायला कुरकुरलं की म्हणायच्या, “घ्या की! उद्या पोराला बायको काय कंपनीतून मागवताल?”

त्याच सुमारास वैजापूरचा समीर भेटला. तरुण डॉक्टर, एका छोट्या संस्थेच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर. त्याच्याकडं हातात मावेल असं सोनोग्राफीचं यंत्र होतं — अपघातातल्या माणसांसाठी. मोठ्या हौसेनं त्यानं मला एकदा गाडीत बसवून नेलं. जालना रोडवर मोटारसायकलवरून पडलेला कामगार. वरून साधा ओरखडा, आणि “सोडा ना राव, शिफ्ट हाय माझी” असा धोशा. समीरनं त्याच्या पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर काळा पट्टा दिसला.

“आत रक्त साचतंय, ताई.”

जवळचा दवाखाना सोडून गाडी थेट ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात गेली. माणूस वाचला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — कळतंय ना तुम्हाला? डोळ्यांनी.

आणि तरी मी तक्रार केली.

गर्भलिंग तपासणी रोखायच्या कायद्यानं अशा प्रत्येक यंत्राची सरकारदरबारी नोंदणी लागते; याची झालेली नव्हती, समीरचा अर्ज कुठंतरी अडकला होता. तेवढंच लिहिलं असतं तर ते खरं होतं. पण तेवढ्यावर कोण हलतं? मी लिहिलं, ‘या गाडीतून गर्भलिंग तपासणी चालते, अशी खात्रीशीर माहिती आहे.’ खात्रीशीर! मला भीती होती, माहिती नव्हती. असलं फिरतं यंत्र आज याच्या हातात, उद्या कुणाच्या — ही भीती खरी होती. आणि आपलं नाव गाजेल, हा हिशेबही तितकाच खरा होता. यंत्राला सील लागलं, ते गाडीतून गेलं. समीर भेटायला आला. “ताई, तुम्ही तर आत बसला होतात.” मी म्हणाले, “कायदा म्हणजे कायदा.” किती सोपं असतं ते वाक्य!

पुढं दुष्काळाचा उन्हाळा आला. वसाहतीत इमारती उभ्या राहिलेल्या, नळ कोरडे, सगळी भिस्त टँकरवर. टँकर मागं घेताना कांताबाई भिंतीशी दाबल्या गेल्या. उठून ड्रायव्हरला शिव्या घातल्या त्यांनी! समीरचीच गाडी आली. पोटाला हात लावून त्याला शंका आली होती. तो म्हणत होता, मोठ्या रुग्णालयात चला. पण दाखवायला हाताशी काही नव्हतं. बाई बोलतीचालती. त्यांच्या लेकीनं, मंगलनं, जवळचाच दवाखाना धरला. तिथं त्या अचानक गार पडल्या. मोठ्या रुग्णालयाकडं नेताना वाटेतच गेल्या. पोट रक्तानं भरलं होतं.

यंत्र असतं तर त्या वाचल्याच असत्या, असं मी कसं म्हणू? पण मंगलला पडद्यावर काही दिसलं असतं. तिनं ऐकलं असतं.

मंगलला भेटायला गेले तेव्हा समीर आधीच सतरंजीवर बसलेला. मंगलनं मला विचारलं, “ताई, तुमाला यातलं कळतं. आत रक्त साचायलंय, हे गाडीतच कळायचं काय साधन असतं का वो?”

समीर माझ्याकडं बघत राहिला. सांगायचं मलाच होतं.

“नाय गं,” मी म्हणाले, “असलं काही नसतं.”

तिनं मान हलवली. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते — आईला मीच मारलं, मीच चुकीच्या दवाखान्यात नेलं. माझ्यासमोरही सांगते. मी तिचा हात धरून ऐकते.

मंगल, तू नाही मारलंस. गाडीत ते साधन होतं. मी खोटं लिहून ते काढायला लावलं.